मुठीएवढा गतिरोधक

गिचुहीची गाडी परक्या अंगणात झोपायची. त्याच्या बायकोचा, न्याकिओचा, मुख्य आक्षेप हाच होता.

गाडी जपानहून बोटीने मोंबासा बंदरात उतरलेली. निळी, सोनेरी चाकांची, बॉनेटवर नाकपुडीसारखं भोक असलेली. किल्ली फिरवली की आतल्या यंत्रातली बाई जपानीत काहीतरी बोलायची. काय, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण डांबरी रस्ता वांगेच्या आजीच्या चहाच्या टपरीपाशी संपायचा. तिथून घरापर्यंत किनांगोप पठाराची काळी चिकण माती आणि तिच्यात गुडघाभर चाकोऱ्या. गाडीचं पोट जमिनीपासून फार तर अंगठा वर केलेल्या मुठीएवढं उंच. त्यामुळे रोज संध्याकाळी गिचुही गाडी आजीच्या अंगणात लावायचा, तिच्यावर ताडपत्री टाकायचा, गमबूट चढवायचा आणि नायट्रोजनचा डबा खांद्याला लावून चिखल तुडवत घरी यायचा. सकाळी हेच उलट क्रमाने.

त्याचं काम गाईंना कृत्रिम रेतन करण्याचं; वळूचं वीर्य त्या डब्यात, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेलं. सकाळी माजावर दिसलेल्या गाईचं काम संध्याकाळपर्यंत व्हावं लागतं. उशीर झाला तर सगळं पुढच्या माजावर जातं आणि शेतकऱ्याचं तीन आठवड्यांचं दूध बुडतं. म्हणून वेगवान गाडी हवी, असं तो सांगायचा. त्याच्या बरोबरीचे बाकीचे लोक हेच काम मोटरसायकलवर करत होते, हे मात्र तो सांगायचा नाही.

"गाईला काय कळतंय रे, कोण कशातनं आलं?" मोटरसायकलवर भाडं मारणारा मुराया टपरीवर बसून विचारायचा. "तू काय वळूसारखा रुबाब दाखवायला जातोस का तिथं?"

"माझा वळू डब्यात असतो. मला रुबाबाची गरज नाही."

"मग भोंगा कशाला एवढा मोठा?"

खरं कारण घाटात होतं. डब्यात नायट्रोजन भरून आणायला दर पंधरवड्याला नैवाशाला उतरावं लागे. त्या वळणांवर गाडीची चारही चाकं रस्ता अशी धरायची, की वळण संपल्यावर गिचुहीला वाटायचं, आणखी एक असतं तर बरं झालं असतं. वजन कसं एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातं, ते त्याला पाठीच्या मणक्यात कळायचं. एकदा त्याने न्याकिओला सोबत नेलं. खाली पोचल्यावर ती उतरली, पर्स काखेत मारली आणि प्रवासी व्हॅन पकडून एकटी परत आली.

त्या जानेवारीत ती म्हणाली, "हे बघ, सवत आणायची तर माणसं ती घरात आणतात. तू तिला आजीच्या अंगणात ठेवलीस, आणि रोज रात्री चिखल घेऊन माझ्याकडे येतोस. मार्चमधल्या मोठ्या पावसाच्या आत ती आपल्या फाटकाच्या आत येऊ दे. नाहीतर नाकुरूचा तो माणूस विकत मागतोय, त्याला देऊन टाक आणि उंच चाकांची पिकअप घे. आत आली, तर मी पुन्हा तिचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

गिचुहीने सावड बोलावली. किनांगोपात बटाटे काढायचे, गोठा उभारायचा, विहीर खणायची, तर सगळे शेजारी एक दिवस एकाकडे राबतात. तो जेवू घालतो आणि नंतर प्रत्येकाकडे जाऊन आपली फेड करतो. वर्षातून प्रत्येकाला अशी एकच सावड मागता येते. पण रस्त्यासाठी ती कुणी मागितली नव्हती. महिला गटाची प्रमुख, करांजाची आई, हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"रस्ता सगळ्यांचा. सगळ्यांच्या कामाला तुझ्या एकट्याची सावड कशी लागणार?"

"लावा माझी. मी तुमच्या सगळ्यांच्या बटाट्यांना येईन."

"आमचा रस्ता होणार आणि वर तू आमचे बटाटे काढणार?" तिने मागे वळून बायकांकडे पाहिलं. "ह्याला विचारा, बरं वाटतंय का ते."

शेवटी सावड त्याचीच लागली. फेब्रुवारीतल्या एका कोरड्या शनिवारी पंचवीस-तीस माणसं कुदळी घेऊन आली. टेकडीच्या कडेला मुरूम होता. तो टोपल्यांनी वाहून चाकोऱ्या भरल्या, पाणी जायला कडेने चर काढले. न्याकिओने मोठ्या पातेल्यात मका-घेवड्याची गिथेरी शिजवली. गिचुही दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. मग फोन आला: पलीकडच्या गावात एक गाय सकाळपासून हंबरत होती. सावड सोडून जाणं वाईट दिसतं, पण गाईचं कारण सगळ्यांना पटतं. "जा बाबा," करांजाची आई म्हणाली. "येताना तुझी ती घेऊनच ये. आम्ही ओवाळायला थांबतो."

काम आटोपून तो टपरीपाशी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी ठेवून घेण्याच्या बदल्यात पहिली फेरी आपली, असं वांगेच्या आजीने केव्हाच सांगून ठेवलेलं. ती चर्चला घालायचा रुमाल डोक्याला बांधून पुढच्या सीटवर बसली. किल्ली फिरवताच जपानी बाई बोलली.

"तुलाही नमस्कार, पोरी," आजी म्हणाली.

रस्ता ओळखू येत नव्हता. लाल मुरूम सपाट दाबलेला, कडा सरळ. गिचुही दुसऱ्या गिअरमध्ये, हसू आवरत चालला होता. पहिल्या वळणानंतर शाळेच्या वाटेपाशी त्याने ब्रेक दाबला.

रस्त्यावर आडवा गतिरोधक होता. चांगला दाबून बसवलेला, वीतभर उंच. त्याच्या पुढे लांबवर आणखी एक. त्याच्याही पुढे एक. सगळी माणसं पलीकडे कुदळींवर रेलून उभी होती आणि खुशीत होती.

तो उतरला, गुडघ्यावर बसला आणि गाल जमिनीला लावून पाहिलं. मग हलकेच गाडी पुढे घेतली. खालून दगडावर पत्रा घासल्याचा आवाज आला. त्याने मागे घेतली, तिरकी घालून पाहिली. पुन्हा तोच आवाज.

"मी उतरू का?" आजीने विचारलं.

"उतरून काही होणार नाही, आजी."

"मग बसतेच."

"हे कुणी सांगितलं होतं?" गिचुहीने लोकांना विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" करांजाची आई म्हणाली. "चांगला रस्ता म्हटला की गाड्या उडतात. पोरं याच वाटेने शाळेत जातात."

"या रस्त्यावर मी कधी जोरात गेलोय?"

"रस्ताच नव्हता, जाशील कुठून?"

मुराया मागून ओरडला, "माझ्या मोटरसायकलला काही अडचण नाही हां!"

"काढा हे. मी सावड लावलीय."

"तुझी सावड संपली. ऊन बघ कुठे गेलं." करांजाच्या आईचा आवाज चढला नव्हता, पण तिने कुदळ खांद्यावर घेतली होती. "सावडीने केलेलं सावडीनेच निघतं. हे तुझ्या बापाने मला शिकवलंय."

ते खरं होतं. एकट्याने रात्री येऊन फोडण्याचा विचार गिचुहीच्या मनात आला आणि गेला; असं केलेल्या माणसाच्या हाकेला पुन्हा कुणी येत नाही. नाकुरूचा माणूस गाडी बघायला उद्या, रविवारी यायचा होता. येऊ नको म्हणून सांगायला त्याने खिशात फोन चाचपडला. मग हात तसाच राहिला; गाडी फाटकाच्या आत जाणारच नसेल, तर त्याला येऊ नको म्हणण्यात अर्थ नव्हता.

"मी सांगितलं होतं," न्याकिओ म्हणाली.

ती गिथेरीचं रिकामं पातेलं घेऊन कडेला उभी होती.

"काय?"

"स्पीडब्रेकर. गटात मीच विषय काढला." तिने पातेलं खाली ठेवलं. "त्या दिवशी घाटात मी दाराचं हँडल धरून किती देवांची नावं घेतली, तुला माहीत नाही. तू तर वळणावर हसत होतास. ती घरी येऊ दे, असं मला खरंच वाटत होतं. फक्त चालत येऊ दे."

गिचुहीने गतिरोधकाकडे पाहिलं.

"ही उंची चालत यायची नाही, न्याकिओ."

"मी एवढी सांगितली होती." तिने बंद मूठ पुढे केली, अंगठा आत. "आजीच्या अंगणात जाऊन मी ताडपत्रीखाली हात घालून बघितलंय. अंगठा वर केला की पोटाला लागतो, मिटला की लागत नाही." ती बायकांकडे वळली. "एवढी म्हणाले होते की नाही?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुठीएवढंच घातलं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. पण सावडीतून घरी निघताना रिकाम्या टोपलीने कुणी निघत नाही. शेवटची एक टोपली प्रत्येकजण कामावर टाकूनच जातो, नाहीतर घरच्या पिकाला ते बरं नसतं. चाकोऱ्या तर केव्हाच भरल्या होत्या. शेवटच्या टोपल्या टाकायला जागा उरली होती ती एवढीच.

"मीसुद्धा टाकली," मुराया म्हणाला. "मोठी टाकली."

न्याकिओने त्याच्या हातातली कुदळ घेतली.

"माझी सावड बाकी आहे," ती म्हणाली. "आत्ता मागतेय. घ्या कुदळी."

"ती बटाट्यांची होती ना?" करांजाच्या आईने विचारलं. "पाऊस आला तर जमिनीत कुजतील. मग मागशील तर मिळायची नाही."

"माहितीये. घ्या कुदळी."

करांजाच्या आईने खांद्यावरची कुदळ उतरवली. माणसं परत कामाला लागली. न्याकिओ प्रत्येक गतिरोधकापाशी वाकून मूठ टेकवायची, डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "अजून." काढलेला मुरूम चरांच्या काठावर चेपला. मागून गाडी पायी चालणाऱ्यांच्या वेगाने येत होती. प्रत्येक गतिरोधकावर आजी श्वास रोखायची, पलीकडे उतरल्यावर सोडायची. आवाज आला नाही. फाटकाशी कुणीतरी गाडीवर खरंच पाणी ओवाळून टाकलं.

नाकुरूच्या माणसाला त्याच संध्याकाळी नकार कळवला. न्याकिओने गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. काढायचं झालं की "तुझी ती" म्हणायची.

सोमवारपासून दोघं बटाटे काढायला लागली. तीस माणसांचं एका दिवसाचं काम. मधल्या दिवसांत शेजाऱ्यांची सावडही फेडायची होती, तेव्हा गिचुही सकाळी इतरांचे बटाटे काढायचा आणि दुपारनंतर स्वतःचे. एकदा ओळीच्या मध्यातच गाईचा फोन आला. त्याने हात धुतले, बॉनेटवर ऊब घेत बसलेल्या कोंबड्या हुसकावल्या आणि किल्ली फिरवली. जपानी बाई बोलली.

"काय म्हणते रे ती?" न्याकिओने वाफ्यातून विचारलं.

"सावकाश जा म्हणते."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली, आणि पुढची ओळ धरली.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मुठीएवढ्या पहिल्या गतिरोधकावर जवळजवळ थांबली. न्याकिओने मान वर करून तिची चारही चाकं पलीकडे उतरलेली पाहिली. मग दक्षिणेच्या डोंगरावर दाटत चाललेल्या ढगांकडे पाहून तिने कुदळ जरा जोरात मारली.