बोल्ट आणि उशी

नवी रायफल येऊन पाच आठवडे झाले, तरी टॅमसिनने तिच्यातून एकही गोळी झाडली नव्हती. तेवढ्या काळात रानकुत्र्याने एकतीस कोकरं फाडली होती. डार्सी, तिचा नवरा, उद्या पहाटे दुसऱ्यांच्या मेंढ्या हाकायला जाणार, तो दहा दिवसांनी उगवणार. मागे ती, दीड वर्षाची ऑड्री आणि तो कुत्रा.

"नेम धरायला नळीच्या टोकाची साधी माशी पुरे, म्हटलं होतं मी," टॅमसिन म्हणाली.

"माशीने माश्याच मारशील."

त्याने दुर्बीण मागवली. तिचं भिंग नळीला टेकलं, म्हणून उंच कड्या मागवल्या. डोळा वर गेला, गाल अधांतरी राहिला, म्हणून दस्त्यावर गालाची उशी. लाँगरीचहून टपालाची गाडी आठवड्यातून एकदा यायची, आणि दर खेपेला एकच खोकं. आज उशी बसली.

"झालं! राणीसरकारांची बंदूक तयार."

तेवढ्यात पाण्याच्या टाकीपाशी मेंढ्या उधळल्या. कुत्रा! ऐंशी पावलांवर, भर उजेडात.

ऑड्री रांगायला लागल्यापासून टॅमसिनचा नियम होता: रायफल टेबलावर, तर गोळी आत ढकलणारा तिचा दांडा, म्हणजे बोल्ट, कपाटात आणि किल्ली तिच्या गळ्यात. ती धावली, बोल्ट आणला, मागून सरकवला. बोल्ट उशीवर अडला. पुन्हा ढकलला. जाईना.

"काढ ती उशी!"

"स्क्रूची ऍलन-की इथेच होती गं..."

कोकरू एकदाच ओरडलं. कुत्रा ते तोंडात धरून रमतगमत निघून गेला.

"बोल्ट एकदा तरी घालून बघितला होतास?"

"कसा बघणार? किल्ली तुझ्या गळ्यात!"

"मागायला जीभ नव्हती?"

"मागितली की प्रवचन ऐकावं लागतं, बाई."

तिला ते झोंबलं, कारण खरं होतं. ऍलन-की ऑड्रीच्या खुर्चीखाली सापडली. उशीचे तीन स्क्रू निघाले. चौथ्याचं डोकं डार्सीने बसवतानाच झिजवून ठेवलं होतं. टॅमसिनने पक्कड लावून पाहिली, मग शेडमधून करवत आणली.

"अगं, नवी आहे ती!"

"कोकरूही नवंच होतं."

दिवस मावळेतो उशी दोन तुकड्यांत खाली पडली. बोल्ट खट्कन आत गेला. तिने तो लगेच बाहेर काढून खिशात टाकला आणि दुर्बिणीच्या कड्या सोडवायला घेतल्या.

"पहाटे नाही, सातला निघ. उजेडात मला माशीवर नेम लावून बघायचाय. तोवर पोरीला तू धर."

"मुकादम बोंबलेल."

"बोंबलू दे."

डार्सीने ऑड्रीला कडेवर घेतलं आणि मुकादमाला फोन लावला.