भाचीच्या मशीनवर

माझी भाची आमच्याच टीममध्ये लागली, तेव्हाच मी ठरवलं, हिचे लाड करायचे नाहीत. मामाच्या वशिल्याने आली, असं कोणी म्हणायला नको. म्हणून इतरांना एक बोललो तर तिला चार बोलायचो. मोठा शहाणा मी.

आमचं काम कम्पायलरचं, प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. त्यातला लेक्सर, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर वाचून एकेक शब्द सुटा करणारा भाग, मी लिहिलेला. भाची चाचण्या घ्यायची. तिची एकच तक्रार: मधूनच चुका येतात आणि त्यात भलत्याच फाइलमधले शब्द दिसतात.

"मग तूच फायलींचा घोळ घालतेस," मी भर मीटिंगमध्ये म्हणालो. "माझ्याकडे बरं सगळं सुरळीत चालतं." साहेबांनी तिला टीममधून काढायचं ठरवलं. मी मान डोलावली.

आज दुपारी तिचं काम ताब्यात घ्यायला तिच्या मशीनवर बसलो. मी नेहमी एक फाइल देतो आणि कम्पायलर बंद करतो. तिने ढीगभर फायली एकापाठोपाठ लावलेल्या. मोठीच्या मागून छोटी आली की बफरमध्ये, म्हणजे वाचलेला मजकूर तात्पुरता ठेवायच्या जागेत, मोठीचं शेपूट तसंच उरत होतं. मजकूर संपला हे कळायला शेवटी एक शून्य ठेवावं लागतं. ते मी ठेवलंच नव्हतं, आणि माझा लेक्सर खुशाल पुढचं उष्टं वाचत सुटला होता. माझ्याकडे बफर दर वेळी कोरा, म्हणून इतके दिवस निभावलं.

एका ओळीचं काम. ओळ घातली, सगळ्या चाचण्या पास झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते हसले. "अहो, होतं असं. बसा, चहा घ्या." तिच्या वेळी 'होतं असं' कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही. चहा न घेताच उठलो.

भाची टेबल आवरत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चूक माझी होती. हिचं बरोबर होतं." मग तिला म्हटलं, "साहेबांशी बोललोय. तू जाऊ नकोस."

"शेजारच्या टीमला मी हो म्हणून आलेय."

"अगं, पण आता सापडली ना चूक."

"लगेच सापडली," ती म्हणाली. "मी कधीची म्हणत होते, एकदा माझ्या मशीनवर येऊन बघा."

तिचं खोकं उचलायला वाकलो, तर "राहू द्या" म्हणाली आणि स्वतःच घेऊन गेली.