शून्य नंबरची कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जात पाहिलीही नसेल. तळहातावर मावेल अशी चपटी डबी, आत दोन चाके आणि एका चाकावरून दुसऱ्यावर जाणारी तपकिरी फीत. त्या फितीवर आवाज राहतो. माझ्या फितीवर एकोणीसशे ब्याऐंशी सालची एक दुपार आहे.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथे सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या होत्या आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आवाज साठवण्याचे सामान बनवणारी माणसे इतकी गप्प कशी, याचे मला तेव्हाही नवल वाटले. तिथून मी एका खोक्यातून चाळीस बहिणींसोबत निघाले आणि एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात आले. त्याला सगळे तारमास्तर म्हणत. त्याच्या शर्टाच्या खिशाला नेहमी तारेचा एक तुकडा लोंबत असे.

तारमास्तरांचा जिवलग दोस्त होता ठोक्या. तो पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर कामाला होता. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारे अवजड यंत्र. ठोक्याच्या हाताला स्वस्थ बसणे ठाऊक नव्हते. टेबल दिसले की टेबल वाजव, बादली दिसली की बादली. त्याची आई म्हणे, "हा पोटात होता तेव्हासुद्धा लाथा तालात मारायचा." त्याची मोठी बहीण, ताई, त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळत होती. तिच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा असे. ती येते आहे हे माणूस दिसण्याआधी कळायचे.

ठोक्याच्या डोक्यात एक खूळ होते. कारखान्यात दिवसभर जे वाजते त्यालाच गाणे का म्हणू नये? प्रेस, कानस, रिकामे पिंप, पत्रा, हातोडा. पुढे जगात अशा संगीताला इंडस्ट्रियल म्हणू लागले आणि त्याचे वेडे चाहते झाले. ठोक्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला फक्त ते ऐकू येत होते.

मालकांची परवानगी घेऊन, सुटीच्या दिवशी, ताईने कारखान्याचे कुलूप उघडले. तारमास्तरांनी मला यंत्रात घातले आणि लाल बटण दाबले. त्यानंतर ठोक्या आणि तारमास्तर यांनी पस्तीस मिनिटे जे काही केले, ते माझ्यावर उमटले. मध्येच प्रेसमधून एक लांब, रडका, किरकिरता सूर निघाला. ठोक्याने डोळे मिटून तो ऐकला आणि प्रेस चालूच ठेवला.

मग माझ्यावरून एकोणचाळीस प्रती काढल्या. नंबर ठोकायचे पोलादी पंच कारखान्यात होते. ताईने पत्र्याच्या पट्ट्यांवर एक ते एकोणचाळीस आकडे ठोकले आणि वेष्टने केली काचकागदाची, म्हणजे लाकूड घासायच्या खरखरीत कागदाची, आणि पट्ट्या त्यांवर बसवल्या. मी मूळ कॅसेट, म्हणून मला शून्य नंबर मिळाला. प्रती काढताना तारमास्तरांनी सुरुवातीचे बोलणे गाळले आणि थेट पहिल्या ठोक्यापासून सुरुवात केली. म्हणाले, "लोकांना गाणं हवं असतं, हजेरी नको."

लोकांना गाणेही नको होते. शेजारी म्हणाले, "सहा दिवस हाच गोंगाट ऐकतो, सातव्या दिवशी कॅसेटवर कशाला?" कारखान्याच्या मालकांनी मात्र मला शेवटपर्यंत ऐकले, अगदी कान लावून. ठोक्या श्वास रोखून उभा होता. मालक म्हणाले, "बावीस नंबरच्या प्रेसचं बेअरिंग कोरडं पडलंय. बरं झालं ऐकवलंस. मंगळवारी बदलून घेतो."

बेअरिंग बदलले. तो रडका सूर पुन्हा कधीच निघाला नाही.

सहा वर्षांनी ठोक्या एका आजारात गेला. त्याचे फोटो होते, त्याचा हातोडा होता, पण आवाज कुठेच नव्हता. ताईकडे सात नंबरची प्रत होती. ती अधूनमधून लावायची. पहिल्या ठोक्याआधी कोणीतरी घेतलेला अर्धा श्वास त्यात ऐकू येतो. ताई तेवढा श्वास ऐकायची आणि बंद करायची. त्या श्वासाच्या अलीकडे काय आहे हे तिला ठाऊक होते. ठोक्या तिच्याशी काहीतरी बोलला होता, मग त्याने आकडे मोजले होते. काय बोलला होता, ते तिला काही केल्या आठवेना. ते माझ्यावर होते. आणि मी कुठे आहे हे तिला माहीत नव्हते, कारण तारमास्तरांनी दुकान आवरताना तीन खोकी भंगारवाल्याला दिली आणि तिसऱ्या खोक्यात मी होते. त्याबद्दल ताई त्यांच्याशी दोन वर्षे बोलली नाही.

भंगारवाल्याकडून मी दातांच्या एका डॉक्टरांकडे पोहोचले. हे डॉक्टर अशा संगीताचे चाहते. त्यांच्यासारखे आणखी पाच-सहाजण होते. एकोणचाळीसपैकी कोणती प्रत कोणाकडे आहे, कोणती हरवली, कोणाच्या काचकागदाला ओल लागली, हे सगळे त्यांच्या वहीत होते. मी सापडले तेव्हा डॉक्टरांनी त्या दिवशीचे सगळे रुग्ण परत पाठवले म्हणतात.

त्यांनी मला काचेच्या पेटीत ठेवले. पेटीला कुलूप. माझे वेष्टन चौकटीत घालून दवाखान्याच्या भिंतीवर टांगले. महिन्याच्या चौथ्या रविवारी चाहते जमत, पांढरे हातमोजे घालत आणि मला उलटसुलट करून बघत. प्रेसचा तो रडका सूर कसा काढला असेल यावर त्यांचे वाद रंगत. एक निवृत्त पोस्टमन म्हणायचे की तारेवर करवत फिरवली आहे. औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणायच्या की ते माणसाचे रडणे आहे, उलटे वाजवलेले. बेअरिंग कोणालाच सुचले नाही. मला मात्र कोणी वाजवले नाही. "वाजवली की झिजते," डॉक्टर म्हणत.

अशी बारा वर्षे गेली. राग नव्हता. पण वाजायला जन्मलेल्या वस्तूला नुसते पाहणे म्हणजे काय, ते मी आतून अनुभवले. माझ्या फितीचे वेढे एकमेकांना धरून बसले. फितीला यंत्राशी टेकवून धरणारी इवलीशी गादी वाळून गळून पडली.

एके दिवशी ताई दाढ काढायला त्याच दवाखान्यात आली. आता तिचे केस पांढरे झाले होते. दाढ निघाली, तोंडात कापूस दाबला, आणि तिची नजर भिंतीवर गेली.

"डॉक्टर, काचकागद कशाला टांगलाय?"

"आजी, कापूस दाबून धरा. ते एका फार दुर्मिळ कॅसेटचं वेष्टन आहे."

"शंभर नंबरचा काचकागद आहे. मी कापलाय. आईच्या कात्रीची धार गेली, तिने महिनाभर ऐकवलं मला."

असे दावे सांगणारे डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले होते. ते म्हणाले, "बरं, मग त्या पट्टीवरचं शून्य एवढं मोठं का, सांगा."

ताईने कापूस काढून हातात घेतला. "तीस नंबर ठोकून झाला आणि शून्याचा पंच हरवला. नळीचा तुकडा ठेवून ठोकलं मी ते."

डॉक्टर रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसले.

ताईने मला ऐकायला मागितले. पूर्ण नको, पहिल्या ठोक्याच्या आधीचे तेवढे. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आजी, जुनी फीत आहे. तुटली तर अशी दुसरी नाही जगात."

"तोही दुसरा नव्हता, डॉक्टर," ताई म्हणाली. आणि कापूस पुन्हा तोंडात घालून निघून गेली.

चौथ्या रविवारी चाहत्यांत मोठी वादावादी झाली. पोस्टमन म्हणाले, भावनेच्या भरात ठेवा घालवू नका. औषधवाल्या बाई म्हणाल्या, "बारा वर्षं आपण झाकण लावलेलं पातेलं हुंगतोय. आत काय शिजलंय ते तिला तरी कळू दे." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईला निरोप धाडला. ताई आली, आणि सोबत काठी टेकत तारमास्तर आले.

त्यांनी माझे पाच स्क्रू काढले. दुसऱ्या कॅसेटची गादी काढून त्यांनी मला बसवली आणि पेन्सिल घालून चाक फिरवू लागले, एका वेळी पाव फेरा. आतले वेढे चिकटपट्टी सुटावी तसे सुटत होते.

"वर्षातून एकदा तरी फिरवायची असते हिला," ते म्हणाले.

"मला वाटलं, वापरली नाही की टिकते," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दातांना असंच सांगता का? चावू नका, टिकतील?"

ताई हसली. तारमास्तर म्हणाले, "एकदा वाजेल. दुसऱ्यांदाचं मी बोलत नाही." म्हणून शेजारी दुसरे यंत्र लावले, म्हणजे जे निघेल ते तिथे उतरेल. मग डॉक्टरांनी स्वतः बटण दाबले. हातमोजे घालायचे ते विसरले होते.

आधी खरखर. मग किल्ल्यांचा खुळखुळाट. आणि मग एका तरुण मुलाचा वैतागलेला आवाज:

"ताई, तो जुडगा तरी काढ, नाहीतर बाहेर उभी राहा. सगळं तूच वाजवतेयस."

"मी बाहेर गेले तर कुलूप कोण लावणार, तुझा प्रेस?" ही ताई होती, सत्तावीस वर्षांची.

मुलगा हसला. पावले, दाराची कडी. मग, "चल, मास्तर. एक, दोन, तीन, चार." अर्धा श्वास. पहिला ठोका.

आणि त्या ठोक्यावरच मी तुटले.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. तारमास्तर ताईकडे. ताईने डोळे उघडले आणि म्हणाली, "मी खरंच बाहेर पायरीवर उभी होते. ऊन होतं. आता आठवलं."

तारमास्तरांनी मला जोडले. जोडताना बोटभर फीत कापावी लागली. तिच्यात पहिला ठोका गेला. त्यामुळे माझ्यावर आता चारपर्यंत मोजणे आहे आणि मग एकदम दुसरा ठोका येतो. वहीत माझ्या नावापुढे 'खंडित' असे लिहिले आहे.

कारखान्याच्या मालकांनी पुढे सगळे प्रेस विकले. कारखान्याच्या जागी आता गाद्यांचे गोदाम आहे. पोस्टमननी आपल्या प्रती औषधवाल्या बाईंना दिल्या; त्या महिन्यातून एक प्रत मोठ्याने लावतात आणि शेजाऱ्यांची बोलणी खातात. तारमास्तर पुढच्या वर्षी गेले. त्यांच्या खिशातला तारेचा तुकडा डॉक्टरांनी मागून घेतला, तो माझ्याच खणात असतो. डॉक्टरांनी काचेची पेटी काढून टाकली. वर्षातून एकदा ते मला सावकाश, पेन्सिलीने, शेवटपर्यंत फिरवतात. रडका सूर बेअरिंगचा होता हे ताईने त्यांना सांगितले. त्यांनी ते वहीत लिहिलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू कपाटात गुंडाळून ठेवलेली असेल. ती जपता हे चांगलेच आहे. पण अधूनमधून तिला बाहेर काढा, तिचे काम तिला करू द्या. आणि ज्याच्यासाठी ती जपली, त्याला ऐकू येते आहे तोवर काढा.

ताईला आता कवळी आहे. माझ्यावरून उतरवलेले ते तेवढे बोलणे तिच्याकडे दुसऱ्या कॅसेटवर आहे. ती आधी ते लावते. एक, दोन, तीन, चार. मग ती कॅसेट काढून सात नंबरची घालते, आणि पहिला ठोका पडतो.