भगवंतरावांनी रंगवलेली मोटार

मी भगवंतरावांची मोटार बोलतेय. आता माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात, तरी माणसांबद्दलचं माझं मत काही बदललेलं नाही. ही जात मला कधीच फारशी पटली नाही.

विलायतेहून जहाजानं आले तेव्हा माझा रंग गर्द हिरवा होता. अमरावतीच्या एका गोऱ्या साहेबाकडे सात वर्षं काढली. तो मला कुत्र्यापेक्षा कमी आणि बायकोपेक्षा जास्त जपायचा. मायदेशी जाताना त्यानं मला शेंदूरजनाघाटच्या भगवंतरावांना विकलं. यांची संत्र्याची बाग मोठी आणि मिशी त्याहून मोठी.

त्यांच्या मुलीला, जमुनाला, पाहायला अकोल्याची मंडळी यायची होती. माझा रंग तोवर विटला होता, चार ठिकाणी पोचे होते. सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "उमरावतीच्या पेंटरकडे धाडा नं."

"काहून? घरी हात नाई का?" भगवंतराव गरजले.

हात होते, पण सहदेवचे. सहदेव म्हणजे त्यांचा बैलांचा गडी. पोळ्याला शिंगं रंगवावीत तर त्यानंच. भगवंतराव खुर्ची टाकून हुकूम सोडत बसले. सहदेवनं चार दिवस घासकागद पाण्यात भिजवून मला घासलं, पोच्यांत लांबी, म्हणजे लुकण, भरली, रंगाचं अस्तर दिलं, वाळवून पुन्हा घासलं. खरं सांगते, साहेबाच्या कारागिराचाही हात इतका हलका नव्हता.

रंग द्यायच्या आदल्या सांजेला मात्र तो लोणी-हळद घेऊन आला. पोळ्याआधी बैलांचे खांदे शेकतात ना, तसे त्यानं माझे मडगार्ड चोळले आणि बैलांना म्हणतात तसं हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अहो, अस्तरावर लोणी!

"चोय, चांगलं चोय," खुर्चीवरून हुकूम आला. "माह्या मोटारीचा मान बैलाहून कमी हाय का?" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सकाळी मला नुसतं धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि वर काळा रंग चढवला. मी चकचकले. भगवंतराव माझ्यात मिशी पाहून गेले.

पाहुणे आले ते चैत्राच्या भर उन्हात. मुलाची आत्या मनकर्णाबाई माझ्या मडगार्डला हात टेकून उभी राहिली. हात उचलला, तर दुधावरची साय यावी तसा काळा पापुद्रा तळव्याला चिकटून आला. खालचं तेलकट अस्तर सगळ्यांनी पाहिलं.

"या सहदेवचं काम!" भगवंतराव ओरडले. "मी नाईच म्हणत होतो. चाल, निंघ येथून!"

सहदेवनं मालकाकडे एकदा पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि गेला. पंचवीस वर्षांची चाकरी होती. मला ओरडायला भोंगा होता, पण तो दाबायला कुणाचा तरी हात लागतो.

लग्न जमलंच. अकोलेकरांना संत्र्याची बाग पाहायची होती, मला नव्हे. म्हणजे एका इमानी माणसाला उगाच घालवलं. थू असल्या मिशीवर!

पुढे भगवंतरावांनी नवी मोटार घेतली आणि मला गोठ्यामागे ढकललं. सहदेव आता दुसऱ्याच्या शेतावर राबतो, त्याचे केस पिकलेत. पण दर पोळ्याच्या आदल्या सांजेला तो कुंपणाकडून येतो, माझ्या डाव्या मडगार्डला लोणी-हळद चोळतो आणि आवतन देतो. अख्ख्या आयुष्यात मला जेवायला बोलावलं ते त्या एकट्यानं.

म्हणून एकच विनंती. मला कुणी पुन्हा रंगवायला घेतलंच, तर बाकी अंगाचं काय हवं ते करा, डावं मडगार्ड तेवढं सोडा. तिथं आता रंग धरायचा नाही.