डॉक्टरांना विचारलं म्हणून

व्हर्लिन कोपकेने पत्र एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि विमानांच्या हँगरमधल्या पालथ्या बादलीवर तो मटकन बसला. चाळीस वर्षं लोकांना उडायला शिकवणारा हा माणूस असा बसलेला सोल्वेगने कधी पाहिला नव्हता.

"हे कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

"कुणाच्याच नाही. मीच गेले डॉक्टरांकडे."

"पण का?"

का म्हणजे? आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. मक्याच्या शेतांमधल्या गवताळ धावपट्टीवरून तीन फेऱ्या, शेजारची सीट रिकामी. खाली उतरल्यावर रिवाजाप्रमाणे व्हर्लिन तिच्या शर्टाची पाठ कात्रीने कापणार आणि तो तुकडा नाव-तारीख घालून क्लबच्या भिंतीवर टांगणार, म्हणून ती नवऱ्याचा, डेलचा, जुना चौकड्यांचा शर्ट घालून आली होती. पण घरी सव्वा वर्षाचा नेल्स होता. एवढ्याशा पोराच्या आईने एकटीने आभाळात जायचं, तर निदान कुणीतरी जाणत्या माणसाने 'जा, तू ठीक आहेस' असं म्हणायला नको? तेवढ्यासाठी ती वैमानिकांना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे गेली होती. तिथे वैद्यकीय सर्टिफिकेटसाठी भरायच्या अर्जात औषधांचा रकाना होता. बाळंतपणानंतर मन खचलं होतं, त्यावरची अर्धी गोळी अजून चालू होती. तिने गोळीचं नाव नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

काल सरकारी उत्तर आलं. नामंजूर.

"पुन्हा अर्ज करू का?" तिने विचारलं. "उड्डाण पुढच्या शनिवारी ठेवू. मला चालेल."

"सोल्वेग, आपल्या या छोट्या विमानाला ते सर्टिफिकेट लागतच नव्हतं. गाडीचं लायसन्स पुरेसं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"हो, पण मला वाटलं, लागत नसलं तरी असलेलं बरं."

व्हर्लिनने डोळे मिटून घेतले. "अर्जच केला नसतास, तर आत्ता वर असतीस. पण एकदा अर्ज करून नकार घेतला, की मग उडायला गाडीचं लायसन्ससुद्धा चालत नाही. कायदाच तसा आहे."

तिला वाक्य कळलं, पण डोक्यात शिरेना. "म्हणजे कालपर्यंत मी ठीक होते?"

"कालच्या टपालापर्यंत."

"गोळी तीच आहे. मीही तीच आहे."

"विमानही तेच आहे."

"आणि आपल्या क्लबातला तो गस? हृदयावर दोनदा शस्त्रक्रिया झाल्यात त्याच्या. दर रविवारी उडतो."

"गसने आयुष्यात कुणाला काही विचारलेलं नाही. बायकोलासुद्धा."

तिला हसू आलं नाही. नेल्सला मागे बसवून ती रोज महामार्गावरून सुसाट गाडी हाकत होती, त्याबद्दल कुणाची काही हरकत नव्हती.

"नकार फिरवता येतो," व्हर्लिन म्हणाला. "कागद पाठवायचे, चाचण्या द्यायच्या. वर्ष जातं, दोन जातात. कधी फिरतही नाही." त्याने पत्राची घडी करून तिला परत दिली. मग म्हणाला, "ग्लायडर चालवशील? बिनइंजिनाचं विमान. त्याला सर्टिफिकेट लागत नाही, गाडीचं लायसन्सही लागत नाही. नकार आलेल्यालाही चालतं."

सोल्वेग त्याच्याकडे बघतच राहिली. "थांबा. इंजिन असलं तर माझा धोका, आणि इंजिन काढून टाकलं तर मी सुरक्षित?"

"कायदा मी लिहिलेला नाही, बाई."

त्याने फोन लावला. नदीपलीकडे, तीस मैलांवर, आर्डिथ नावाची बाई ग्लायडर शिकवायची. तिला सगळं सांगून त्याने फोन सोल्वेगच्या हातात दिला.

"ऐकलं मी," आर्डिथ म्हणाली. "आमच्याकडे कागद नसतो. पण रोज उडायच्या आधी ज्याने त्याने स्वतःला विचारायचं, आज मी ठीक आहे का? आज तुझ्या वतीने मी विचारते. रात्री झोप झाली?"

'हो' अगदी ओठांवर होतं. तपासायला कुणी येणार नव्हतं. अर्ध्या तासात ती नदीपलीकडे पोचली असती. पण नेल्सच्या दाढा येत होत्या, आणि तो झोपल्यावरही ती पत्रच वाचत बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "फार तर दोन तास."

"मग आज नाही," आर्डिथने हवामान सांगावं तसं सांगितलं. "झोप झाली की ये. उद्या ये, परवा ये. आम्ही इथंच आहोत."

व्हर्लिन वाट बघत उभा होता. "काय म्हणाली?"

"आज नको म्हणाली. झोप झाली नाही, हे मीच सांगितलं."

"पुन्हा खरं बोललीस?"

"पुन्हा," सोल्वेग म्हणाली. तिने खिशातून गाडीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "मला घरी सोडा. दोन तासांच्या झोपेवर मी इथवर गाडी चालवत आले, हे आत्ता लक्षात येतंय माझ्या."