ज्या पोटात मी गेले नाही

मित्रांनो, दुर्बीण म्हटले की तुमची मान आपोआप वर जाते, चांदण्यांकडे. मी त्या घराण्यातली नाही. मी माणसाच्या पोटात डोकावणारी एक जुनी दुर्बीण आहे. अंगाने करंगळीएवढी जाड, हातभराहून बरीच लांब, काळीभोर आणि हवी तशी वळणारी. नाक मुरडू नका. तुम्ही आवडीने खाल्लेले सगळे जिथे जाते, तिथे जायला मला कधी कमीपणा वाटला नाही.

केसाहून बारीक अशा काचेच्या हजारो धाग्यांची जुडी करून मला घडवले. काही धागे उजेड आत न्यायचे, काही धागे चित्र बाहेर आणायचे. शिवाय माझ्या अंगात एक बारीक नळी होती. तिच्यातून डॉक्टर छोटासा चिमटा नाहीतर सुई आत सरकवायचे.

मी या रुग्णालयात आले तेव्हा माझ्यातून एका वेळी एकालाच दिसायचे. डॉक्टर एक डोळा मिटून दुसरा माझ्या टोकाला लावायचे आणि सांगायचे, "जखम आहे." बाकीच्यांनी माना डोलवायच्या. रुग्ण बिचारा जागाच असायचा, भेदरलेला असायचा, आणि दोघे जण त्याला धरून ठेवायचे. आत रक्त वाहताना दिसले तरी मला नुसते बघत राहावे लागे, कारण पुढचे काम सुरीचे असे. धुण्याचे तर विचारूच नका. घाईच्या दिवशी मला वरवर पुसायचे, औषधाच्या पाण्यात बुचकळायचे, की चालली मी पुढच्या पोटात. ते आठवले की आजही मला ओशाळल्यासारखे होते.

मग दिवस पालटले. माझ्या डोक्यावर कॅमेरा बसला आणि पोटातले चित्र पडद्यावर सगळ्यांना दिसू लागले. पहिल्या दिवशी चहा आणणारे काकाही कपबशा हातात धरून दारात थबकले होते. रुग्णाला गुंगीचे औषध मिळू लागले. त्याच्या बोटाला एक चिमटा लागला, तो रक्तातल्या प्राणवायूवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचा. आणि इवल्याशा धातूच्या क्लिपा आल्या! रक्त उडवणारी नस दिसली की क्लिपने चिमटायची, की सुरीला सुट्टी. मी हरखून गेले होते.

याच सुमारास धुलाईच्या खोलीत थांबाताई आल्या. खरे नाव हजेरीपटावर असेल, पण उठल्याबसल्या "थांबा" म्हणायच्या म्हणून सगळे त्यांना थांबाताईच म्हणत. मला धुण्याआधी त्या माझ्या आत हवा भरायच्या आणि पाण्याने भरलेल्या टबात मला बुडवायच्या. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात ना, अगदी तसेच. माझी मान चारही बाजूंना वळवून त्या पाण्याकडे टक लावून बसत. मग ब्रश, मग औषध, मग स्वच्छ पाणी, मग वाळवणे. एकेका पायरीपुढे खूण केल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. डॉक्टर दारातून ओरडायचे, "ताई, लोणचं घालताय का तिचं?" ताई शांतपणे म्हणायच्या, "थांबा." मलाही कधीकधी त्यांचा कंटाळा यायचा, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी सकाळी थांबाताईंच्या मोठ्या भावालाच रुग्णालयात आणले. ते बेकरीवाले. गुडघे दुखतात म्हणून महिनोन्महिने स्वतःच्याच मनाने, उपाशीपोटी गोळ्या खात होते. त्या दिवशी भट्टीसमोरच त्यांना रक्ताची उलटी झाली. सलाइन लागले, रक्ताची बाटली चढली. आता आत डोकावून रक्त थांबवायचे होते.

मी नुकतीच एका रुग्णाच्या पोटातून बाहेर आले होते. धुऊन तयार व्हायला मला अर्धा तास लागला असता. माझी धाकटी जोडीदारीण शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाच्या पोटात अडकली होती, तिला तासाभराहून जास्त वेळ लागणार होता. म्हणजे भिस्त माझ्यावरच होती. ताईंनी मला पाण्यात बुडवले. अंगाला चिकटलेले बुडबुडे भराभर वर गेले. मग माझ्या मानेजवळून आणखी एक निघाला, मोहरीएवढा.

डॉक्टर आत आले. "ताई, झालं का?"

"थांबा. बुडबुडा दिसतोय."

"अहो, बाहेर चिकटलेली हवा असेल."

"चिकटलेली हवा एकदाच निघते, डॉक्टर. हे बघा, एकाच जागेवरून येतायत. हा दुसरा. हा तिसरा."

"ताई, आत तुमचा भाऊ आहे!"

"माहितीये हो मला!" ताईंचा आवाज चिरकला. "पण हिच्या आत पाणी शिरलं असेल. मघाच्या पेशंटची घाण आत राहिली तर ती दादाच्या पोटात जाईल. आणि मध्येच चित्र गेलं तर तुम्ही काय करणार? ही नाही चालायची."

डॉक्टर खाली वाकले. चौथा बुडबुडा त्यांनी स्वतः पाहिला. लगेच ते रक्ताची दुसरी बाटली मागवायला धावले.

दारात ताईंच्या वहिनी उभ्या होत्या. "अजून का नेलं नाही हो यांना?"

"वहिनी, मीच थांबवलंय," ताई म्हणाल्या.

"तुम्ही? सख्ख्या भावाला?"

ताई धाकटीसाठी ब्रश आणि औषध मांडू लागल्या. मी टबात पडून सगळे ऐकत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. छिद्र माझ्या अंगाला आणि बोलणी त्यांना!

अखेर धाकटी आली. आता तरी ताई घाई करतील असे मला वाटले. पण हवा, पाणी, ब्रश, औषध, काहीही चुकले नाही. औषधात ठेवल्यावर त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. वेळ पुरी झाल्यावरच त्यांनी तिला बाहेर काढले.

दादांना आत घेतले, तपासणीच्या खोलीचे दार उघडेच होते. पडद्यावर जखम दिसली, तिच्या मधोमध एक नस रक्त उडवत होती. पहिली क्लिप निसटली. दुसरी बसली. तिसरी बसली. पाण्याने धुऊन बघितले, तर पाणी स्वच्छच राहिले. "थांबलं," डॉक्टर म्हणाले. थांबाताई भिंतीला टेकून लहान मुलीसारख्या रडल्या. वहिनींनी येऊन त्यांचे डोके आपल्या खांद्यावर घेतले.

पुढे दुरुस्तीवाल्याने मला उघडले. आत पाणी चांगलेच मुरले होते. "ही त्या दिवशी पाच मिनिटंही टिकली नसती," तो म्हणाला. माझी नोकरी संपली. वाईट वाटले का? थोडे वाटले. पण मला भंगारात टाकले नाही. धुलाई शिकायला येणाऱ्या नव्या माणसांच्या हाती ताई मला देतात आणि म्हणतात, "शोधा." माझे छिद्र मुद्दाम तसेच ठेवले आहे. कुणी पहिल्याच खेपेला ते शोधले की मला कोण आनंद होतो!

मित्रांनो, कामाच्या घाईत कुणी तुम्हाला अडवले, पुन्हा एकदा बघू म्हणाले, तर त्याच्यावर चिडू नका. तुम्हाला अडवताना त्याच्या जिवाची काय घालमेल होत असेल, ते तुम्हाला दिसत नाही.

महिन्याभराने बेकरीवाले दादा तपासणीला आले. हातात गरम पावांची पिशवी होती. धुलाईच्या खोलीत डोकावून त्यांनी विचारले, "माझ्या पोटात जाता जाता राहिली, ती हीच का गं?"

"हीच," ताई म्हणाल्या.

त्यांनी पिठाचा हात सदऱ्याला पुसला आणि माझ्या पाठीवरून हळूच फिरवला. हजारो पोटांत मी जाऊन आले, पण मला हात लावून आभार मानले ते, ज्यांच्या पोटात मी गेलेच नाही, त्या एकट्या दादांनी.