दार तुमच्या हातात

“दार उघडा! मी म्हणते आत्ताच्या आत्ता दार उघडा!”

“अवं बेटा, इथं नको. पुढं चौक हाय, तिथं उतरवून देतो.”

“मला इथंच उतरायचं आहे! गाडी थांबवा!”

“इथं उतरून कुठं जाशीन तू? एक मानूस तरी दिसते काय इथं?”

कॅबचा ड्रायव्हर नानाजी अगदी असंच बोलला, शब्द न् शब्द. आता मागच्या सीटवर एकटी पोरगी, दार बंद, रस्ता सुनसान, आणि पुढचा अनोळखी माणूस म्हणतो की इथं एक माणूस दिसत नाही. तिला ते कसं ऐकू गेलं असेल? पण नानाजीला ते सुचलंच नाही. तो आपला तिच्या भल्याचं बोलून राहिला होता, आणि पोरगी दाराचं हँडल उपटून हातात येईल एवढ्या जोरानं ओढत होती.

झालं होतं एवढंच. सोनिका तिचं नाव, मोबाईलवर तसंच आलं होतं. हिंगण्याच्या एमआयडीसीत कोणत्यातरी कंपनीच्या ऑफिसात असावी. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. ऊन उतरायची वेळ. मोठा रस्ता खोदून ठेवलेला, ट्रकांची रांग, त्यात कंपन्यांच्या बसगाड्या सुटलेल्या. गाडी मुंगीच्या चालीनं. नानाजी म्हणाला, गाडी जयताळ्याकडून काढतो. ती मोबाईलमध्ये होती, हूं म्हणाली. वळणावर तिची ओढणी दारात अडकलेली दिसली, म्हणून तिनं दार उघडून ती आत घेतली आणि दार परत लावलं. वळल्यावर रस्ता मोकळा मिळाला. नानाजीनं गाडी दाबली, आणि वेग येताच चारही दारं एकदम वाजली. खट्.

ते नानाजीनं नव्हतं केलं, गाडीनं केलं. नवीन गाड्या तशाच असतात, वेग वाढला की आपोआप लॉक. नानाजीला त्या आवाजाची एवढी सवय झालेली की तो त्याला ऐकूच येत नव्हता. सोनिकाला आला. तिनं मान वर केली तर बाहेर ना दुकान, ना बस, नुसत्या कंपाउंडच्या भिंती आणि बाभळी. हँडल ओढलं, दार उघडेना. आधी लॉकची बारकी पट्टी मागं सारायची आणि मग ओढायचं, हे तिला कोणी सांगितलं होतं?

चौकात गाडी थांबली, नानाजीनं बटण दाबलं, तशी ती उडी मारूनच उतरली. पानठेल्यावरची पोरं धावली.

“काय झालं ताई?”

“हा माणूस दार लॉक करून कुठं नेत होता मला. उतरवा म्हटलं तर उतरवत नव्हता.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. एकानं नानाजीची कॉलर धरली. “काहून बे बुढ्या, पोरीच्या वयाची हाय नं ते?” नानाजीनं कॉलर सोडवायला पाहिली. तोंडातून एवढंच निघालं, “लॉक आपोआप लागते भाऊ,” आणि सगळे हसले. “आपोआप म्हन्ते!”

शेवटी चौकातला ट्रॅफिकवाला आला. शहाणा माणूस होता. त्यानं लायसन्स पाहिलं, स्वतः मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, चालव. गाडी थोडी पुढं गेली, वेग आला, खट्. ट्रॅफिकवाल्यानं हँडल ओढून पाहिलं, मान हलवली, आणि परत येऊन पोरांना म्हणाला, “गाडीच तशी हाय. चला, निघा.” पोरं पानठेल्याकडं सरकली. कॉलर धरणाऱ्यानं नानाजीकडं पाहिलंसुद्धा नाही, तो चुना मळायला लागला. नानाजीनं सोनिकाला शोधलं. पण ती कधीचीच ऑटोत बसून निघून गेली होती. जिला तो आवाज ऐकवायचा होता, तीच नव्हती.

आता नानाजी कोण, ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला.

नागपुरात येण्याआधी नानाजी कुहीच्या लाईनवर काळीपिवळी जीप चालवायचा. त्या जीपला दार म्हणजे नावाला. एकाला सुतळी बांधलेली, एक कायमचं काढूनच ठेवलेलं. कोणाला उतरायचं झालं की टपावर थाप मारायची, नानाजी ब्रेक मारायचा. त्या लाईनवर रिवाज होता, घरची पोरगी कॉलेजला नाहीतर मामाकडं एकटी पाठवायची असली की आई तिला जीपच्या थांब्यावर घेऊन यायची, ड्रायव्हर पाहायची, आणि मग बसवायची. किती जणी समोर उभी दुसऱ्याची जीप सोडून द्यायच्या. “नानाजीची गाडी येऊ दे वं,” म्हणायच्या. दुसरे ड्रायव्हर जळायचे. आणि नानाजीचा एक नियम होता, पोरीला सुन्या जागी उतरवायचं नाही. तिनं थाप मारली तरी नाही, रडली तरी नाही. जिथं चार माणसं असतील तिथंच.

एकदा भागीरथाबाईची पोरगी माया फाट्यावर उतरायला निघाली. बाप घ्यायला येणार होता, पण फाट्यावर काळं कुत्रं नव्हतं. नानाजीनं जीप बंद केली आणि किल्ली खिशात टाकली. आतली माणसं बोंबलायला लागली. कोणाच्या म्हशीचं दूध काढायचं होतं, कोणाच्या घरी पाहुणे बसले होते. नानाजी म्हणाला, “ज्याले घाई हाय त्यानं पायदळ जावं.” बाप सायकल हाणत आला तेव्हाच जीप हलली. त्या बापानं हात जोडले होते. नानाजीनं ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, पण विसरलाही नाही.

म्हणजे आज त्या सुन्या रस्त्यावर त्यानं सोनिकाला उतरवलं नाही, ते याच नियमानं. ज्या गोष्टीसाठी कुहीच्या आया त्याला शोधायच्या, त्याच गोष्टीसाठी आज त्याची कॉलर धरली गेली.

दिघोरीला घरी आला तो धुमसतच. “एवढी वर्सं गाडी चालवली, कोनी बोट नाही दाखवलं! अन् ते कालची पोरगी!”

त्याची बायको जिजाबाई भाकर टाकत होती. “भेली असन बिचारी.”

“भ्याले मी काय वाघ हाय?”

तेवढ्यात त्याची पोरगी खुशी आली. बर्डीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात कामाला होती ती. तिनं चप्पल काढता काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी असती नं बाबा, तं मीबी ओरडली असती.”

“तू? माह्यावर?”

“तुमच्यावर नाही वं माय... म्हन्जे बाबा. तिले काय मालूम तुम्ही कोन? तुमच्या कपाळावर लिहून हाय काय, हा मानूस चांगला हाय म्हून?”

“अवं, पन मी तिच्या भल्यासाठीच...”

“तेच तं! इथं नको, पुढं उतरवतो. खराब मानूसबी असाच बोलते बाबा. अगदी असाच.” मग ती पाणी पीत उभी राहिली आणि सहज बोलल्यासारखी बोलली, “मी ऑटोत बसली का एक हात दांडीवरच ठेवते. कॅबमध्ये बसली का हँडलवर. घर येईपर्यंत.”

“रोज?”

“मंग काय सनावाराले?”

जिजाबाई हसली. नानाजी हसला नाही. आपली पोरगी रोज असा हात ठेवून घरी येते, आणि आपण रोज दुसऱ्यांच्या पोरींना घरी पोचवतो, आणि आपल्याला हे ठाऊकच नाही! त्याला राग आला. कोणाचा ते कळेना, तेव्हा तो भाकरीवर काढला. करपली म्हणाला. करपली नव्हती.

सकाळी गाडी पुसता पुसता तो थांबला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. इतके दिवस ही गाडी चालवतो, पण तिथं तो कधी बसलाच नव्हता. दार लावून घेतलं. तिथून काय दिसतं? ड्रायव्हरच्या सीटची पाठ, तिच्या वर असली तर एक मान, आणि आरशात दोन डोळे. बस. तोंड दिसत नाही. माणूस हसतो की काय करतो, कळत नाही. नानाजी बराच वेळ तिथं बसून राहिला. शेजारच्या बाईनं खिडकीतून विचारलं, “काय भाऊ, आज मालक झाले का काय?”

तिथून तो सरळ मारोतरावांकडं गेला. गाडी मारोतरावांची. त्यांच्या तीन-चार गाड्या अशाच ड्रायव्हरांकडं असत. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर फोनवर भांडून भांडून त्याला साधं बोलायची सवयच उरली नव्हती.

“मारोतराव, ते लॉक बंद करा लागते.”

“खराब झालं काय?”

“नाही. चांगलं हाय, म्हूनच बंद करा लागते. आपोआप नाही लागलं पायजे.”

मारोतरावांनी फोन बाजूला ठेवला. “तुह्या डोक्यावर परिनाम झाला काय गा नानाजी? लोकं पैसे देऊन बसवून घेतात ते! उद्या एखादं लेकरू चालत्या गाडीतून पडलं, तं कोन जाईन जेलात?”

“लेकरू असन तं मी स्वतः लावीन लॉक. त्याच्या मायले विचारून.”

“अन् सिग्नलवर कोनी दार उघडून बॅग उचलली तं?”

“सवारीले सांगीन, लावा लॉक. त्यायनं म्हटलं तं लावीन. पन सांगून लावीन. मांगं बसलेल्या मानसाले न सांगता दार बंद कराचं नाही. हे काय बैलं भरून नेऊन राहिलो काय आपून?”

“अबे पन कंपनीनं काहीतरी विचार करूनच दिलं असन नं!”

“कंपनी मांगच्या सीटवर बसून पाह्यली काय?”

मारोतरावांनी बाजूला ठेवलेला फोन पालथा केला. मग म्हणाले, “नाही म्हटलं तं?”

नानाजीनं गाडीची किल्ली खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. खुशीचं लग्न ठरायचं होतं, जिजाबाईचे गुडघे होते, आणि या वयात त्याला दुसरी गाडी कोण देणार होतं? पण त्यानं हात मागं घेतला तो घेतलाच.

मारोतरावांनी किल्लीकडं पाहिलं. मग नानाजीकडं. “कालचं आयकलं मी,” ते हळू आवाजात म्हणाले. “कॉलर धरली म्हन्तात.”

“धरली.”

“तं मंग त्या पोरांचा राग लॉकवर काहून काढून राहिला?”

“पोरांचा राग नाही गा. पोरं बराबर होते. माही खुशी असती त्या जागी, तं मीच त्या ड्रायव्हरची कॉलर धरली असती. अन् सोडली नसती.”

मारोतरावांनाही दोन पोरी होत्या. एक पुण्याला होती. त्यांनी किल्ली नानाजीकडं सरकवली. “कर तुह्या मनानं. पन काही झालं तं तुह्या नावावर.”

“माह्याच नावावर राहू द्या,” नानाजी म्हणाला, आणि त्याची छाती जराशी पुढं आली. खोटं कशाला सांगायचं, आली.

लॉक बंद करणं म्हणजे काही डोंगर नव्हता. मेडिकल चौकाजवळ एका फिटरनं छोटं यंत्र गाडीला जोडलं, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, “झालं काका. आता तुम्ही बटन दाबलं तेव्हाच लागन.” नानाजीनं रिंग रोडवर गाडी हाणून पाहिली. कितीही दाबली तरी दारं गप्प. कितीतरी दिवसांनी त्याला गाडीत शांत वाटलं.

त्या दिवसापासून सवारी बसली की तो मागं वळतो, चेहरा दाखवतो, आणि बोलतो, “माहं नाव नानाजी. दाराले लॉक नाही लावलं, दार तुमच्या हातात हाय. लावाचं असन तं सांगा.” मग गिअर टाकतो. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. कॉलेजची पोरं खिदळली, “काका, मास्कबी दाखवा ना, विमानात दाखवतात तसा!” एका साहेबानं कानातला फोनच काढला नाही. मौद्याहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मंग पडलो तं?” त्याला लॉक लावून दिलं. एका लेकुरवाळीनं लावायला सांगितलं, तिलाही. बाकी कोणी धन्यवाद म्हणालं नाही. कशाला म्हणतील? दार उघडतं, यात धन्यवाद म्हणण्यासारखं काय आहे?

सोनिकाला मात्र त्याला एकदा सांगायचं होतं. हिंगण्याकडची सवारी आली की तो मोबाईलवर नाव पाहायचा. ते नाव परत आलं नाही. येणारही नाही, हे त्यालाही कळत होतं.

मग परवा दुपारी एक पोरगी बसली. ड्युटीवरून सुटलेली नर्स असावी. पांढरे बूट, डोळे झोपेनं जड. एकटीच. नानाजीनं वळून आपलं बोलणं केलं. तिनं ऐकलं, आणि तिचा हात हँडलवर गेला. नानाजीनं आरशात पाहिलं आणि नजर रस्त्यावर घेतली. खुशीसारखाच ठेवला होता हात, चारही बोटं वळवून.

सिग्नलवर मोटरसायकलवरची दोन पोरं काचेजवळ आली. आत वाकून पाहायला लागली, काचेवर टिचक्या मारायला लागली. पोरगी आक्रसून सीटच्या मधोमध सरकली.

“काका,” ती म्हणाली.

“बोल बेटा.”

“लॉक लावून घ्या ना.”

नानाजीनं बटण दाबलं. खट्. पोरं बाहेर राहिली. आत ती आणि नानाजी. सिग्नल सुटला, गाडी निघाली. पुढच्या चौकापर्यंत तिनं डोकं मागं टेकवलं, आणि तिचा हात हँडलवरून निघून मांडीवर येऊन पडला. तिला झोप लागली.

तिला घरासमोर उतरवून नानाजीनं गाडी लिंबाच्या सावलीत लावली आणि जिजाबाईला फोन केला. आता काय सांगणार? सवारी झोपली म्हणून कोणी घरी फोन करतं काय?

“काय झालं? आज कामाच्या वेळेस फोन?” जिजाबाई घाबरून बोलली. “पुन्हा काही झालं काय?”

“झालं.”

“काय झालं, बोला नं! कोनी काही म्हटलं काय?”

नानाजीनं वळून मागच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं. त्याला हसू आलं, आणि तेवढ्यात मोबाईल वाजला, नवीन सवारी, कोपऱ्यावरच उभी.

“ठेव आता. मले निघा लागते.”